सार्वजनिक आकाशहोडी

कुंदाताईंच्या दातांत दोरा असला की त्या गप्प असत, आणि तोच दोरा गिऱ्हाइकाच्या भुवईवर असल्यामुळे गिऱ्हाईकही गप्प असे. पार्लरमध्ये ऐकू यायचा तो फक्त पंखा. पण एक भुवई संपली की त्या दोरा सोडत, पावडरचा पफ फिरवत आणि म्हणत, "तर मग काय झालं, त्या ग्रहावर हवाच नव्हती." गिऱ्हाईक अर्ध्या कोरलेल्या कपाळानं आरशात बघत राही. हवा नव्हती तर त्या माणसांनी श्वास कसा घेतला, हे विचारायच्या आत दोरा परत दातांत. दुसरी भुवई सुरू. आमच्या पेणकरपाड्यात बायका भुवया वाढायच्या आधीच परत पार्लरला यायच्या, त्या का, हे त्यांच्या नवऱ्यांना कधीच कळलं नाही.

कुंदाताई म्हात्रेंचा विषय निघाला की लोक हसतात. "ती परग्रहवाली ना? वेडी होती जरा." मला याचा राग येतो. मॅच आहे म्हणून कामावर दांडी मारणाऱ्या पुरुषाला कोणी वेडा म्हणत नाही, तो शौकीन. पार्लर चालवणाऱ्या बाईनं विज्ञानकथा वाचल्या की ती वेडी. म्हणून मी सरळच लिहिते. मला जे काही चार शब्द नीट मांडता येतात, ते मी कुठल्या शिबिरात शिकले नाही. त्या बाईच्या पार्लरमधल्या फाटक्या रेग्झिनच्या खुर्चीवर शिकले.

पार्लर इमारतीच्या तळमजल्यावर, एका गाळ्यात होतं. इतर पार्लरमध्ये सिनेमाची मासिकं असतात. इथे जुन्या दिवाळी अंकांतून काढलेल्या विज्ञानकथा होत्या, भुवयांच्याच दोऱ्यानं शिवलेल्या. आरशाच्या एका बाजूला दरपत्रक, दुसऱ्या बाजूला शाळेतला ग्रहमालेचा तक्ता. फेशियल करून डोळ्यांवर काकडी ठेवलेल्या बाईला त्या कृष्णविवर समजावून सांगायच्या. म्हणायच्या, "डोले मिटलेलं असलं की बरं समजतं."

त्यांचं माहेर मुर्धा, जवळचंच एक गाव. लग्न होऊन पेणकरपाड्यात आल्या तरी जिभेवर मुर्धाच राहिलं. गिऱ्हाईक गुजराती असो नाहीतर हिंदी, त्या त्याच्या भाषेत सुरुवात करायच्या आणि दुसऱ्या वाक्याला घरी परतायच्या. एकदा चौथ्या मजल्यावरच्या हेमाबेनला त्या काळप्रवास समजावत होत्या.

"देखो हेमाबेन, समजो मैंने तुम्हारा बॉबकट किया. तुम्हारा नवरा चिल्लाया. म्हनून मी मशीनमध्ये बसून मागं गेली आणि कापलाच न्हाय. तर मग नवरा चिल्लाया किस पे?"

हेमाबेननं नीट विचार केला. "कुंदा, वो तो फिर भी चिल्लाएगा."

कुंदाताई इतक्या हसल्या की दोरा तुटला. पुढे कितीतरी दिवस त्या हे उत्तर सगळ्यांना सांगत होत्या. "शास्त्रज्ञांना जमलं न्हाय ते हिनं सोडवलं," म्हणायच्या.

माझी त्यांची गाठ पडली ती पाण्यामुळे. तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आमच्या संघटनेनं टँकरवाल्यांच्या मनमानीविरुद्ध पत्रक काढलं होतं. पत्रक मीच लिहिलं होतं आणि मला ते फार जळजळीत वाटत होतं. मी ते त्यांच्या काचेवर चिकटवायला गेले. त्यांनी हात धरून थांबवलं, पत्रक घेतलं, गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"ह्याच्यात पानी कुठं हाय?"

"म्हणजे? सगळं पाण्यावरच आहे."

"न्हाय ना. भांडवलशाही हाय पहिल्या वलीत. मग जागतिकीकरन. मग निषेध, निषेध, धिक्कार. पानी आलं पार खाली. बादली घेऊन उभी असलेली बाई तवर थांबंल?" मग पत्रक माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "आधी लिही काय पायजे. मग लिही कोनाकडनं पायजे. शिव्या शेवटी. जागा उरली तर."

मी फणकारून निघून गेले. आठवड्यानं दुसरं पत्रक घेऊन आले, तेव्हा पहिल्या ओळीत पाणी होतं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं काचेवर लावलं, ग्रहमालेच्या तक्त्यापेक्षा वर. त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'पत्रकवाली'.

विज्ञानकथेचं वेड कुठून लागलं, हे मी एकदा विचारलं होतं. त्या लहान असताना मुर्ध्याच्या दुकानातून गूळ आणायला गेल्या आणि गुळाच्या पुडीचा कागद वाचला. कुठल्यातरी अंकाचं पान. त्यात एक माणूस आरशात बघतो आणि आरशातला माणूस त्याच्या आधी हसतो. तिथेच पान संपलं. ही पोरगी परत दुकानात. पुढचं पान? वाण्यानं सांगितलं, त्यात साखर बांधून शेजारच्या राई गावातल्या एका बाईला दिली. ही चालत राईला. त्या बाईनं कागद चुलीत घातला होता.

"मग काय झालं पुढे?" मी विचारलं.

"कोनाला म्हाईत? अजून मना म्हाईत न्हाय." हे त्या गंमत म्हणून सांगत नव्हत्या. त्यांच्या आवाजात खराखुरा संताप होता, इतक्या वर्षांनंतरही. "गोष्ट अर्धी सोडनाऱ्याला शिक्षा पायजे, बग."

आणि अशा बाईच्या नशिबी 'आकाशहोडी' आली.

एका मराठी वाहिनीनं शनिवारी संध्याकाळी ही मालिका सुरू केली. पाणी शोधायला निघालेलं एक अंतराळयान, त्याची कप्तान वैदेही, एक म्हातारा मेकॅनिक आणि शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारा एक यंत्रमानव. यान थर्माकोलचं होतं हे लहान पोरालाही दिसायचं. पण गोष्ट खरी होती. लिहिणाऱ्यानं जीव ओतला होता. पहिले काही भाग कुंदाताईंनी पार्लरच्या छोट्या टीव्हीवर लावले आणि शनिवारी पार्लरमध्ये उभं राहायला जागा उरेना. ज्यांना काही करून घ्यायचं नव्हतं त्याही येऊन बसायच्या. मोरेकाकूंनी तर नुसतं बसायचं म्हणून चार वेळा नखं कापून घेतली.

जागा पुरेना तेव्हा कुंदाताई सोसायटीचे चेअरमन सावंत यांच्याकडे गेल्या. सोबत मी होते. सोसायटीचा हॉल शनिवारी संध्याकाळी रिकामाच असायचा.

"बायकांना टीव्ही बघायला हॉल?" सावंत म्हणाले. "घरात टीव्ही नाहीत काय तुमच्या?"

"टीव्ही हाय, सावंतसाहेब. रिमोट न्हाय."

तोडगा कुंदाताईंनीच काढला. सोसायटीच्या नियमात हॉल सार्वजनिक कार्यक्रमाला फुकट होता. मग झालं, 'सार्वजनिक आकाशहोडी मंडळ'. आपल्याकडे गणपती सार्वजनिक, पूजा सार्वजनिक, नळ सार्वजनिक. यान का नाही? सावंतांना नाही म्हणता येईना. पण त्यांनी एक अट घातली. "मालिका चालू आहे तोवर हॉल तुमचा. मालिका संपली की किल्ली परत. मला त्या हॉलमध्ये टेबल टेनिस करायचंय."

त्या हॉलमधले शनिवार मी विसरणार नाही. चटया, मोरेकाकूंचे पोहे, हेमाबेनचा खाखरा, आणि जाहिरात लागली की इतकी बडबड की मालिका परत सुरू झालेली कळायची नाही. मी तेव्हा स्त्रीमुक्तीवर मोठमोठी भाषणं ऐकत होते. या हॉलमध्ये ते शब्द कोणी उच्चारत नव्हतं. फक्त आठवड्यातून एकदा, कोणाला जेवायला वाढायचं नसलेला एक तास. मालिका संपली तर तो तास संपणार होता. ते कुंदाताईंना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून पुढे जे झालं ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे झालं असं, की वाहिनीच्या साहेबांनी निर्णय घ्यायला सुरुवात केली.

आधी वेळ मागेपुढे केली, न सांगता. मग कप्तान वैदेहीला सासू दिली. अंतराळात सासू कुठून आली? तर यानातल्या शीतपेटीत ती पहिल्यापासून झोपलेली होती म्हणे! उठली आणि आधी वैदेहीच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मग साबणाच्या पावडरीचा प्रायोजक आला, तेव्हा वजनरहित अवस्थेत तरंगत असलेला मेकॅनिक बनियनवरच्या डागांबद्दल बोलू लागला. कळस म्हणजे एसएमएसची स्पर्धा. वैदेहीनं अंतराळ-पोशाखावरून मंगळसूत्र घालावं का? हो असेल तर अमुक पाठवा, नाही असेल तर तमुक. हे निर्णय घेणारे लोक शिकलेले होते. त्यांना याचा पगार मिळत होता. हे मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करतेय.

कुंदाताई मात्र सासूवरही चिडल्या नाहीत. "असू दे. म्हातारी हाय, यानात एकटी कशी सोडतील? लिहिनारा हुशार हाय, तो हिचा काहीतरी उपयोग करील." त्या लेखकाच्या बाजूनं उभ्या होत्या, नेहमीच.

मग बातमी आली की प्रेक्षक नाहीत म्हणून मालिका बंद करणार. प्रेक्षक नाहीत? आमचा हॉल ओसंडून वाहत होता! मी रागानं पत्रक लिहायला बसले. पहिली ओळ, 'आकाशहोडी चालू ठेवा.' धिक्कार शेवटी, जागा उरली तेवढा. ते घेऊन कुंदाताई, हेमाबेन, मोरेकाकू आणि मी अंधेरीच्या त्यांच्या कार्यालयात गेलो. काचेच्या खोलीत एक तरुण मुलगा भेटला. नम्र होता, चहा मागवला, पत्रक वाचलं. आणि मग त्यानं आम्हाला टीआरपी समजावून सांगितला. काही ठरावीक घरांतल्या टीव्हींना मीटर लावलेला असतो. तो जे मोजेल ते खरं.

"आमच्या हॉलमध्ये येऊन मोजा की," मोरेकाकू म्हणाल्या. "बसायला चटई देतो."

"काकू, तसं नसतं. हॉलमध्ये कितीही जणी बसल्या तरी टीव्ही एकच ना. उलट तुमच्या प्रत्येकीच्या घरी त्या वेळी दुसरंच काहीतरी चालू असणार. आणि तुमच्या हॉलच्या टीव्हीला मीटर नाहीच."

"म्हंजे आमी सगल्या मिलून किती?" कुंदाताईंनी विचारलं.

मुलगा ओशाळला. "टेक्निकली... शून्य."

मला टेबलावर मूठ आपटायची होती. कुंदाताईंनी कप खाली ठेवला. "शून्याला चहा पाजलास, बाला. लई झालं."

बाहेर आल्यावर मात्र त्या त्या इमारतीच्या पायरीवरच बसल्या. "म्हंजे आपन एकत्र बसलो, हीच चूक झाली?"

आमच्यासारख्यांनाच ही चूक सुचू शकते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी लोकांना मालिका आवडली तर ते आपापल्या घरी बसून बघतात. आम्ही तिचा उत्सव केला.

मग कुंदाताईंनी ठरवलं, हॉल बंद. शनिवारी प्रत्येकीनं आपल्या घरी मालिका लावायची, नातेवाइकांना, माहेरच्यांना लावायला सांगायची. कुठेतरी कुणाच्या तरी टीव्हीला मीटर असेल. मी तसं पत्रक लिहिलं. आजवर मी शेकडो वेळा 'घराबाहेर पडा' लिहिलंय. 'बायकांनो, घरी बसा' हे आयुष्यात एकदाच लिहिलं, तेही एका अंतराळयानासाठी.

काही शनिवार हॉलला कुलूप होतं. मग एका दुपारी पार्लरमध्ये कुंदाताईंनी दोरा बाजूला ठेवून हजेरी घेतली.

"हेमाबेन, क्या देखा?"

"क्रिकेट. रिमोट पे पाँव रखके सोया था. खींचा तो जाग गया."

"मोरेकाकू?"

"आमच्या सासूबाईंची मालिका. त्यात पण एक सासू आहे, पण ती पृथ्वीवर."

"आमच्याकडं बातम्या," कुंदाताई म्हणाल्या. "पेट्रोल वाढलं, ते चार वेला बघितलं." त्यांनी आरशातूनच सगळ्यांकडे पाहिलं. "म्हंजे मालिका वाचवायला आपन घरी गेलो, आनि मालिका कोनीच बघितली न्हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत 'आकाशहोडी' बंद झाली. शनिवारी त्या जागी जुना सिनेमा लागला, खाली एक पट्टीसुद्धा नाही. शेवटचं दृश्य आम्हाला अंधेरीच्या त्या चहा पाजणाऱ्या मुलानं फोनवर सांगितलं: यान एका बर्फाळ ग्रहावर, इंधन संपलेलं, वैदेहीचा हात दाराच्या कडीवर, बस. पुढचे भाग चित्रित झालेले होते, हेही त्यानंच सांगितलं. मग दाखवत का नाही? तर आता ते परवडत नाही. मग निदान आम्हाला कॅसेट द्या. तर हक्क कंपनीचे. लेखकानं गोष्ट सांगावी? तर त्यालाही बंदी, त्यानं हक्क लिहून दिलेत. म्हणजे दाखवायचं नाही, विकायचं नाही, सांगू द्यायचं नाही, गोदामात कुजवायचं. याला धंदा म्हणतात! आमच्या भाजीवालीला हा निर्णय सांगितला तर ती टोपली डोक्यावरून खाली ठेवून हसेल.

आणि इकडे सावंत किल्ली मागायला लागले. त्यांचं बरोबर होतं, अट ठरलेलीच होती. कुंदाताई म्हणाल्या, "शनिवारी हॉलवर या. तिथंच देते."

शनिवारी सावंत आले. हॉल भरलेला. चटया घातलेल्या, पोहे फिरत होते. टीव्ही बंद होता आणि त्याच्याकडे पाठ करून कुंदाताई उभ्या होत्या.

"हे काय? मालिका बंद झाली."

"चालू हाय की. बसा."

"कुठे चालू आहे? टीव्ही बंद आहे!"

"टीव्ही बंद हाय. मालिका चालू हाय. बोला, मोरेकाकू, यान कसं उडालं?"

मोरेकाकू लाजल्या, मग घसा साफ करून म्हणाल्या, "मला वाटतं, त्या यंत्रमानवाची बॅटरी काढून इंजिनाला लावली. तो म्हणाला, मी समर्पित होतो. आणि यान उडालं."

"काहीतरीच काय!" दारातून सावंत ओरडले. "त्याची बॅटरी राहिलीय कुठे? ती त्यानं सासूच्या शीतपेटीला जोडली ना, मेकॅनिक जखमी झाला तेव्हा! त्याला गोठवून ठेवलाय त्या पेटीत!"

मेकॅनिक जखमी झाला? कधी? आम्ही घरी बसलो होतो ते शनिवार! जे भाग आमच्यापैकी एकीलाही दिसले नव्हते, ते या माणसानं पाहिले होते. सावंतांच्या घरात रिमोट सावंतांचाच होता.

"सावंतसाहेब," कुंदाताई अगदी हळू म्हणाल्या, "तुमी बघायचा?"

"नाही हो... म्हणजे चॅनल बदलताना... अधूनमधून..."

"सासूनं पेटी दिली आपली?" हेमाबेननं विचारलं. "अपने आप?"

"स्वतःहून!" सावंतांना राहवेना. "म्हणाली, मी झोपले पुष्कळ."

कुंदाताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. लेखकानं म्हातारीचा उपयोग केला होता. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढून हॉलच्या मधोमध ठेवली. "बसा. पयल्यापासून सांगा. किल्ली कुठं पलून जात न्हाय."

सावंतांनी फार वाईट सांगितलं. मधलं आधी, आधीचं नंतर, मेकॅनिकचं नाव तीनदा चुकवलं. बायकांनी त्यांना अशा उलटतपासणीला धरलं की त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. कडीवरच्या हातापाशी ते थांबले, कारण त्यांनाही त्यापुढचं दिसलं नव्हतं. मग पुढे काय, यावर हॉलमध्ये इतका गोंधळ झाला की खालचा वॉचमन वर आला. निघताना सावंत दारात घुटमळले. मला वाटलं, आता किल्ली मागणार.

"पुढच्या शनिवारी मला जरा उशीर होईल," ते म्हणाले. "माझ्याशिवाय यान उडवू नका."

टेबल टेनिसचं टेबल त्या हॉलमध्ये कधी आलं नाही.

आज मी कुठल्याही आंदोलनात गेले की आधी विचारते, समोरचा काय मोजतोय? आपण एकत्र आल्यानं जर त्याच्या हिशेबात शून्य होत असू, तर चूक त्याच्या हिशेबात आहे. हे मला कुठल्याही अभ्यासवर्गानं शिकवलं नाही. आणि पाणी पहिल्या ओळीत ठेवते. त्या बाईचे आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांनी पेणकरपाडा सोडला त्या सकाळी. गाळ्याच्या मालकानं गाळा विकला, आणि त्यांच्या नवऱ्याला पेणच्या बाजूला काम लागलं. खाली टेम्पो उभा होता. रेग्झिनची खुर्ची चढली, आरसा गादीत गुंडाळून चढला. मंडळातल्या सगळ्या खाली आल्या होत्या, सावंतही. मोरेकाकूंनी रडायला सुरुवात केली.

"कुंदा, आता शनिवारी काय करायचं गं? कोण चालवणार आमची गोष्ट?"

कुंदाताई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चिडल्याच होत्या त्या जरा.

"मी काय टीव्ही हाय का गो," त्या म्हणाल्या, "बंद पडाया?"

टेम्पो निघाला. तो वळणावर जाईपर्यंत हेमाबेन आणि सावंत यांचं भांडण सुरूही झालं होतं, वैदेहीनं दार उघडलं की नाही यावर.